अँटिबॉडी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे जीन थेरपीचं दार बंद झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करणाऱ्या एका मुलीच्या मावसभावाला गंभीर हिमोफिलिया बी आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर नऊ हे प्रथिन शरीरात नीट न बनण्याचा जन्मजात आजार. वय 24. परदेशातल्या एका जीन थेरपी (विषाणूच्या कवचातून चांगलं जनुक शरीरात पोचवण्याचा उपचार) चाचणीसाठी त्याचं रक्त तपासलं आणि 'एएव्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह, अपात्र' असं उत्तर आलं. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जो विषाणू, म्हणजे एएव्ही, कुठलाच आजार करत नाही असं पुस्तकात लिहिलंय, त्याच्याविरुद्ध भावाच्या रक्तात अँटिबॉडी आल्या कुठून? त्याला पुन्हा कधी संधी मिळेल का? आणि या क्षेत्रात काम करायचं तर नेमकं काय करावं लागतं?

तुझ्या भावाला आधी एवढं सांग, की 'पॉझिटिव्ह' हा अर्धाच निकाल आहे. उरलेला अर्धा त्याच्या शेजारच्या आकड्यात असतो, आणि तो आकडा रुग्णापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. जनुक पोचवायला निघालेल्या वाहकाला शरीर कसं वागवतं, या एकाच गोष्टीवर मी बावीस वर्षं काम करते आहे. 'अपात्र' एवढा एक शब्द घेऊन घरी परतलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एएव्ही म्हणजे अडेनो-असोसिएटेड व्हायरस. 1965 मध्ये अमेरिकेत अडेनोव्हायरसचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघताना त्यांत फार बारीक कण दिसले, तेव्हा हा सापडला. आकार साधारण 25 नॅनोमीटर. याला एकट्याला वाढताच येत नाही. पेशीत अडेनोव्हायरस किंवा हर्पिसच्या कुळातला एखादा विषाणू आधीपासून असेल, तरच याचं काम चालतं. म्हणजे लहानपणी तुझ्या भावाला जो साधा सर्दी-ताप येऊन गेला असेल, त्यात अडेनोव्हायरसच्या जोडीने हाही येऊन गेलेला असू शकतो. आजार याने केला नाही, पण हा आला तेव्हा घरात धावपळ चालू होती, आणि त्या धावपळीत प्रतिकारशक्तीला जे जे परकं दिसलं त्या सगळ्याची तिने नोंद करून ठेवली. ती नोंद म्हणजेच आज रक्तात सापडलेली अँटिबॉडी.

जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात. त्या पहिल्या वर्षात उतरत जातात आणि मूल साधारण तीन वर्षांचं झालं, चार मुलांत मिसळायला लागलं, की त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी चढू लागतात. मोठ्या माणसांत एएव्हीच्या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध अँटिबॉडी असणाऱ्यांचं प्रमाण जगात ठिकठिकाणी 30 ते 60 टक्क्यांच्या घरात आढळतं. पाचव्या आणि आठव्या प्रकारांविरुद्ध ते बहुतेक ठिकाणी कमी असतं. दाटीवाटीच्या वस्तीत मुलांना असे संसर्ग लवकर होतात. तेव्हा तुझ्या भावाच्या निकालात नवल काहीच नाही, आणि त्याच्याकडून किंवा घरच्यांकडून काही चुकलं असंही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मुलाला आपण कुठे नेलं, काय खायला घातलं, म्हणून असं झालं का, असं आया मला विचारतात.

आता याच विषाणूला वाहक कसं बनवतात ते बघ. त्याचं बाहेरचं कवच, म्हणजे कॅप्सिड, 60 प्रथिनांचं बनलेलं असतं. आतला त्याचा स्वतःचा जनुकसंच काढून टाकायचा आणि तिथे आपल्याला हवं ते जनुक भरायचं. जागा फार कमी असते, साधारण 4.7 हजार अक्षरांची. फॅक्टर नऊ बनवण्याची सूचना जेमतेम 1.4 हजार अक्षरांत मावते, त्यामुळे हिमोफिलिया बी हा या पद्धतीसाठी सोयीचा आजार ठरला. हिमोफिलिया ए मध्ये कमी पडणाऱ्या फॅक्टर आठची सूचना 7 हजारांच्या आसपास जाते. ती कापून-छाटून बसवावी लागते आणि तिथे अडचणी वाढतात.

आतलं सगळं बदललं तरी कवच तेच राहतं. अँटिबॉडी कवचच ओळखते. शिरेतून दिलेला कण यकृतापर्यंत पोचायच्या आत ती त्याला चिकटते आणि तो कण पेशीत शिरूच शकत नाही. एवढं महागडं औषध रक्तातच वाया जातं. आणि एकदा एएव्ही दिला, मग तो चालला असो वा नसो, अँटिबॉडी इतक्या चढतात की तोच काय, त्याच्या जवळचा दुसरा प्रकारही पुढे वर्षानुवर्षं देता येत नाही. आजच्या घडीला हे औषध आयुष्यात एकदाच मिळतं, ते यामुळे. चाचणीवाले रक्त तपासून नाही म्हणतात तेव्हा त्या माणसाची ती एकमेव संधी फुकट जाऊ नये, हाही त्यामागे हेतू असतो.

तो आकडा असा काढतात. छोट्या छोट्या 96 वाट्यांची एक प्लेट घ्यायची. प्रत्येक वाटीत पेशी वाढवलेल्या असतात. रुग्णाच्या रक्ताचा द्रव पातळ करत न्यायचा: पाचपट, दहापट, वीसपट, चाळीसपट, असं पुढे पुढे. प्रत्येक पायरीत काजव्याच्या प्रकाशाचं जनुक भरलेला एएव्ही मिसळायचा, तासभर थांबायचं आणि ते मिश्रण पेशींवर घालायचं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कोणती वाटी किती उजळते ते यंत्रावर मोजायचं. अँटिबॉडी भरपूर असतील तर वाटी अंधारी राहते, आणि पातळ करत गेलं की कुठेतरी प्रकाश परत येतो. ज्या पायरीला प्रकाश निम्मा दबलेला असतो तो आकडा म्हणजे टायटर. कुणाचा 10 येतो, कुणाचा 3 हजार. दोघांच्याही कागदावर शब्द एकच लिहिलेला असतो, पॉझिटिव्ह.

या दोघांत किती फरक आहे हे एका मोठ्या चाचणीत स्पष्ट दिसलं. हिमोफिलिया बी साठी एट्रानाकोजीन डेझापार्वोव्हेक नावाचं औषध आहे. त्यात पाचव्या प्रकारचा एएव्ही वापरतात. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर 2022 मध्ये परवानगी मिळाली, हेमजेनिक्स या नावाने, आणि किंमत ठरली 35 लाख डॉलर. त्याच्या चाचणीत 54 पुरुष होते आणि त्यातल्या 21 जणांना औषध देण्याआधीच अँटिबॉडी होत्या. तरीही त्यांना औषध दिलं. ज्यांचा टायटर 678 पर्यंत होता त्यांच्यात फॅक्टर नऊ तयार झाला. एकाचा टायटर 3 हजारांच्या वर होता, त्याच्यात झाला नाही. दीड-दोन वर्षांनी या चाचणीतल्या रुग्णांत फॅक्टरची सरासरी पातळी निरोगी माणसाच्या 35 टक्क्यांच्या आसपास होती. ज्या माणसांची मुळात 1 ते 2 टक्क्यांच्या वर नव्हती, त्यांच्यासाठी ही पातळी म्हणजे गुडघ्यात आपोआप रक्त भरणं जवळपास थांबणं.

म्हणून भावाला तीन गोष्टी विचारायला सांग. तपासणी एएव्हीच्या कोणत्या प्रकाराविरुद्ध केली? टायटर किती आला? आणि तो कोणत्या पद्धतीने काढला? कारण एका प्रयोगशाळेतला 40 आणि दुसरीतला 40 यांची तुलना होत नाही. पेशी वेगळ्या, कण किती घातले ते वेगळं, की आकडा बदलतो. एका चाचणीची मर्यादा 5 असते, दुसरीची कितीतरी जास्त. एका ठिकाणी अपात्र ठरलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी पात्र ठरू शकतो.

इथपर्यंतचं अँटिबॉडीचं झालं. पण आमच्या क्षेत्राला खरा धडा मिळाला तो टी पेशींकडून, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींकडून, आणि तुला या कामात यायचं असेल तर ती हकिगत नीट माहीत हवी.

2006 साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टर कॅथरीन हाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोफिलिया बी असलेल्या माणसांना यकृताच्या रोहिणीतून एएव्ही दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी हेच औषध कुत्र्यांना दिलं होतं आणि त्यांच्यात फॅक्टर वर्षानुवर्षं टिकला होता. जास्त डोस मिळालेल्या एका माणसात पातळी सुमारे 11 टक्क्यांवर गेली. सगळ्यांना वाटलं, जमलं. मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती घसरायला लागली. त्याच वेळी रक्तातली यकृताची एन्झाइम्स चढली. माणसाला कसलाच त्रास नव्हता, कावीळ नव्हती, पोटात दुखत नव्हतं. फक्त कागदावरचे दोन आकडे विरुद्ध दिशांना चालले होते आणि काही आठवड्यांत फॅक्टर होता तिथे परत आला.

झालं होतं ते असं. एएव्ही यकृताच्या पेशीत शिरला, जनुक केंद्रकात पोचलं, काम सुरू झालं. मागे राहिलेल्या कवचाची पेशीने नेहमीच्या रीतीने मोडतोड केली आणि त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडले. प्रत्येक पेशी हे सतत करत असते: आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर दाखवत राहते. लहानपणच्या त्या सर्दीच्या वेळी तयार झालेल्या स्मृती टी पेशी रक्तात फिरतच होत्या. त्यांनी ते तुकडे ओळखले आणि या पेशीत विषाणू आहे असं समजून तिला मारून टाकलं. पेशीबरोबर आपलं जनुकही गेलं. उंदरांत आणि कुत्र्यांत हे दिसलं नव्हतं, कारण प्रयोगशाळेत वाढलेल्या त्या प्राण्यांना माणसाच्या एएव्हीचा संसर्ग कधी झालेलाच नव्हता. त्यांच्याकडे स्मृतीच नव्हती. जनावरांवर कितीही काळजीपूर्वक काम केलं तरी माणसाचं बालपण त्यांच्यात घालता येत नाही, ही गोष्ट त्या एका आलेखाने आम्हाला शिकवली.

यातून वाटही निघाली. कवचाचे तुकडे कायमचे राहत नाहीत, काही आठवड्यांत संपतात. नवं कवच बनत नाही, कारण त्याची सूचना आपण काढून टाकलेली असते. म्हणजे तेवढे आठवडे टी पेशींना आवरलं की पुढे धोका उरत नाही. 2011 मध्ये लंडनच्या डॉक्टर अमित नाथवानी यांच्या गटाने आठव्या प्रकारचा एएव्ही सहा माणसांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. जास्त डोसवाल्या दोघांत सातव्या ते दहाव्या आठवड्यात एन्झाइम्स चढली, लगेच प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्ती आवरणारं स्टेरॉइड सुरू केलं आणि फॅक्टर वाचला. त्या चाचणीतल्या रुग्णांत 13 वर्षांनंतरही फॅक्टर तयार होत असल्याचं 2025 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. गावोगावच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीने हे साधलं. पण ती कोणत्या दिवशी सुरू करायची हे कळायला कुणीतरी दर आठवड्याला रक्त घेऊन त्यातल्या पेशी बघत असावं लागतं. ते काम माझ्यासारख्या माणसांचं.

ते कसं चालतं ते सांगते. रुग्णाचं रक्त सकाळी येतं. ते फायकॉल नावाच्या जड द्रवावर अलगद ओतायचं, नळी तिरकी धरून, दोन थर मिसळणार नाहीत अशा बेताने. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाला लाल पेशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मध्ये धुक्यासारखं पांढरट कडं तयार होतं. ते कडं पिपेटने उचलायचं. हात थरथरला की कडं फुटतं आणि निम्म्या पेशी गेल्या. मग खास पडदा लावलेल्या प्लेटमध्ये प्रत्येक वाटीत 2 लाख पेशी घालायच्या आणि त्यांच्यावर कवचाचे तुकडे. पूर्ण कवच-प्रथिन 735 अमिनो आम्लांचं असतं. त्याचे एकमेकांवर थोडे चढलेले जवळपास दीडशे छोटे तुकडे आम्ही बनवून घेतो. प्लेट रात्रभर इन्क्यूबेटरमध्ये ठेवायची. सकाळी धुवून रंग दिला की जांभळे ठिपके उमटतात. एक ठिपका म्हणजे ते कवच ओळखून चवताळलेली एक टी पेशी. काही न घातलेल्या वाटीत 3 ठिपके आणि कवच घातलेल्या वाटीत 60, असं दिसलं की फोन उचलायचा आणि डॉक्टरांना सांगायचं.

एकदा मी जिथे काम करत होते तिथली द्रव नायट्रोजनची टाकी लागून आलेल्या सुट्ट्यांत रिकामी झाली. भरण्याची जबाबदारी कुणाची हे दोन विभागांत ठरलेलं नव्हतं. एका रुग्णाच्या चौदा आठवड्यांच्या पेशी त्यात होत्या. सोमवारी नळ्या उघडल्या तेव्हा सगळ्या मेलेल्या. पहिल्या ते चौदाव्या आठवड्यातलं ते रक्त त्या माणसाच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हतं, आणि त्याने प्रत्येक आठवड्याला रात्रीच्या एसटीने येऊन ते दिलं होतं. मला त्याला समोर बसवून हे सांगावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या पेशी दोन वेगळ्या इमारतींत ठेवल्याशिवाय मी नमुना स्वीकारत नाही, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिला महिना टाकीची पातळी लिहायला शिकतो.

डोसबद्दलही बोलायला हवं, कारण प्रतिकारशक्ती किती बिथरेल हे बरंचसं त्यावर ठरतं. डोळ्याच्या एका आनुवंशिक आंधळेपणावर 2017 मध्ये लक्सटर्ना नावाचं एएव्ही औषध अमेरिकेत मंजूर झालं. त्यात एका डोळ्यात पडद्याखाली 150 अब्ज कण सोडतात. स्नायूंच्या आजारासाठी मात्र सगळ्या अंगभर पोचावं लागतं. 2020 मध्ये स्नायूंच्या एका दुर्मिळ आजाराच्या चाचणीत दर किलोला 300 ट्रिलियन कण दिले होते. 20 किलोच्या मुलाचा हिशोब केला तर डोळ्याच्या डोसच्या 40 हजार पट. त्या चाचणीत जास्त डोस मिळालेल्या मुलांपैकी काही दगावली, यकृत निकामी होऊन. 2025 मध्ये ड्यूशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजाराच्या एएव्ही औषधानंतरही यकृत निकामी होऊन किशोरवयीन रुग्णांचे मृत्यू झाले. त्याआधी, सप्टेंबर 1999 मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर नावाचा 18 वर्षांचा मुलगा अडेनोव्हायरस दिल्यावर चौथ्या दिवशी गेला होता. त्याचा आजार औषधं आणि पथ्यावर आटोक्यात होता. तो आला होता तो पुढे जन्मणाऱ्या बाळांसाठी. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात सांगते.

डोस कमी ठेवायचा तर प्रत्येक कणाकडून जास्त काम घ्यायला हवं. इटलीतल्या पडुआ शहरातल्या एका कुटुंबात फॅक्टर नऊचं एक वेगळं रूप सापडलं, 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 338 व्या जागेवर आर्जिनीनऐवजी ल्यूसीन. एवढ्या एका बदलाने फॅक्टर आठपट तेज झाला. त्या कुटुंबातल्या एका माणसाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला म्हणून ते उघडकीला आलं. आज हेमजेनिक्समध्ये जनुकाचं हेच रूप भरलेलं आहे. फॅक्टर तेज असला की तेवढ्याच परिणामासाठी कवच कमी लागतं आणि टी पेशींपुढे ताटात वाढलेलं कमी येतं. म्हणजे रक्त गोठण्यातल्या एका शोधाने प्रतिकारशक्तीचा प्रश्न हलका केला. असे आडवे धागे मला या कामात सगळ्यात जास्त आवडतात.

दुसरा असा धागा यकृताचा. आतड्यातून रोज येणाऱ्या अन्नाच्या कणांवर चिडून चालत नाही, त्यामुळे यकृत मुळातच सोशीक अवयव आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला हिमोफिलिया असलेल्या कुत्र्यांची वसाहत 1940 च्या दशकापासून सांभाळली आहे. फॅक्टर आठची इंजेक्शनं घेऊन ज्यांच्यात त्याविरुद्ध इनहिबिटर, म्हणजे फॅक्टर निकामी करणाऱ्या अँटिबॉडी, तयार झाले होते, अशा काही कुत्र्यांना यकृतात फॅक्टर आठ बनवणारा एएव्ही दिला, आणि त्यांचे इनहिबिटर नाहीसे झाले. जे प्रथिन सुईतून आलं तेव्हा परकं होतं, ते यकृतातून सतत यायला लागल्यावर शरीराने आपलं मानलं. यात नियामक टी पेशींचा, म्हणजे बाकीच्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींचा, मोठा हात आहे. या पेशींच्या शोधासाठी 2025 चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. प्रतिकारशक्ती म्हणजे फक्त मारामारी असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. माफ करायला शिकणं हे तिचं तेवढंच मोठं काम आहे, आणि पुढची जीन थेरपी त्यावरच उभी राहील असं मला वाटतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, संधीचा. टायटर खरोखर फार जास्त असेल तर आज काय चाललंय?

घशाच्या संसर्गाला कारण असलेला स्ट्रेप्टोकोकस पायोजिनस तुला कॉलेजात माहीत झालाच असेल. त्याच्याकडे अँटिबॉडीचे तुकडे करणारं एन्झाइम आहे. तेच इम्लिफिडेज नावाने मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरायला युरोपात 2020 मध्ये सशर्त परवानगी मिळाली. त्याच वर्षी माकडांत असंही दाखवलं गेलं, की अँटिबॉडी असतानाही हे आधी दिलं तर एएव्ही यकृतात पोचतो. काही दिवसांपुरतं रक्त मोकळं होतं, तेवढ्यात औषध सोडायचं. माणसांत याच्या चाचण्या सुरू आहेत. मला या वाटेबद्दल आशा आहे, पण रक्तातल्या अँटिबॉडी तोडल्या तरी स्मृती टी पेशी तशाच राहतात, हे विसरून चालणार नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने वेगळीच वाट धरली. त्यांनी हिमोफिलिया ए साठी लेंटिव्हायरस (एचआयव्हीच्या कुळातला, निरुपद्रवी केलेला वाहक विषाणू) वापरला, तोही शरीराबाहेर. रुग्णाच्या रक्तमूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत फॅक्टर आठचं जनुक घालायचं आणि केमोथेरपीने मज्जेत जागा करून त्या परत द्यायच्या. वाहक रक्तात सुटा फिरतच नाही, त्यामुळे एएव्हीच्या अँटिबॉडीचा प्रश्नच येत नाही. पाच रुग्णांचे निष्कर्ष डिसेंबर 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. सगळ्यांचा मिळून 81 महिन्यांचा काळ, आणि त्यात एकालाही रक्तस्राव नाही. केमोथेरपीची किंमत मोठी आहे, हे मी हलक्यात घेत नाही. आणि तुझ्या भावाचा आजार बी आहे, हे उपचार ए साठी आहेत. पण भारतीय रुग्ण समोर ठेवून आखलेलं हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेली नेक्सकार19 ही कर्करोगावरची थेरपीही लेंटिव्हायरसवरच चालते. तिला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. त्यातही, कर्कपेशी ओळखणारा जो तुकडा मुळात उंदराच्या अँटिबॉडीतून येतो, तो मानवी रूपात आणून वापरला आहे, रुग्णाच्या शरीराने त्याला परकं मानू नये म्हणून.

तिसरी वाट चरबीच्या सूक्ष्म कणांची. त्यांना विषाणूचं कवच नाही. 2025 मध्ये फिलाडेल्फियात एका बाळाला, रक्तात अमोनिया साठवणाऱ्या जन्मजात आजारासाठी, फक्त त्याच्यासाठी बनवलेलं जनुक-दुरुस्तीचं औषध अशा कणांतून दिलं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तीन वेळा दिलं. एएव्हीने दुसरी वेळही जमली नसती. आत एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा तात्पुरता निरोप, असतो, आणि तो पेशीला धोक्याची घंटा वाटू नये यासाठी त्याची अक्षरं कशी बदलायची हे कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं होतं. पुण्यात जेनोव्हाने बनवलेली, साध्या फ्रीजच्या 2 ते 8 अंशांवर टिकणारी कोविडची एमआरएनए लस 2022 मध्ये मंजूर झाली, म्हणजे हे तंत्र तुझ्यापासून फार लांब नाही.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर बरंचसं येऊन गेलं. मायक्रोबायोलॉजीचा पाया चांगला आहे. त्यावर फ्लो सायटोमेट्री (लेसरसमोरून एकेक पेशी नेऊन मोजण्याचं तंत्र) आणि पेशी-संवर्धन हाताने शीक, कुणाच्या मागे उभं राहून बघून ते येत नाही. आर किंवा पायथॉन यापैकी एक भाषा इतकी शीक की 96 वाट्यांचा निकाल स्वतः काढता येईल. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे हिमोफिलियावर काम चालतं, प्रकल्पासाठी अर्ज करून बघ. आणि रुग्णांना भेट. डे-केअर केंद्रात एक दिवस बसलीस, गुडघा धरून फॅक्टरची वाट बघणारं दहा वर्षांचं पोर बघितलंस, की कोणता प्रयोग आधी करायचा हे तुला आपोआप कळेल.

भावासाठी एवढंच. दुसऱ्या कुठल्या एएव्ही चाचणीत घाईने नाव घालू नये. आधी टायटर आणि प्रकार हातात घ्यावा. फॅक्टर नऊ वेळापत्रकाने घेत राहावा, कारण सांधे एकदा झिजले की नंतर मिळालेलं जनुक ते भरून देत नाही. यकृत जपावं: हेपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर घ्यावी, सी ची तपासणी करावी, दारू टाळावी. जनुक शेवटी यकृतातच जाऊन राहणार आहे, आणि सुजलेलं यकृत दिसलं की चाचणीवाले टायटर कितीही कमी असला तरी नाही म्हणतात. आधीच्या तपासणीचा पूर्ण अहवाल मागायचा त्याला हक्क आहे. तो लेखी मागावा, आणि त्यावर तपासणीची पद्धतही लिहून द्या असं सांगावं.